हसू कोणाच्या नजरेने मोजायचे? दंतवैद्यांची पट्टी आणि इतरांचा डोळा

निशिगंध (धागाकर्ता)

मी कोल्हापुरात ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे वाकडे दात सरळ करण्याचे, लोकांच्या भाषेत ‘क्लिप लावण्याचे’ काम करतो. आमच्या शाखेतील एका प्रश्नावर परिषदांत भरपूर चर्चा होते, पण ज्यांच्या तोंडाचा प्रश्न आहे त्या रुग्णांपर्यंत ती फारशी पोहोचत नाही. आम्हाला जे हसू बिघडलेले वाटते, ते दंतवैद्यकाशी संबंध नसलेल्या माणसालाही तसेच वाटते का?

या विषयावर आमच्याकडे वारंवार दाखला दिला जाणारा अभ्यास अमेरिकेतील कोकिच, कियाक आणि शपिरो यांनी १९९९ साली प्रसिद्ध केला. स्त्रियांच्या हसण्याची छायाचित्रे घेऊन त्यांत आठ प्रकारचे दोष मुद्दाम, टप्प्याटप्प्याने वाढवत नेले होते. दाताची लांबी, रुंदी, कल, मध्यरेषा, कडांची पातळी, हिरडी आणि ओठ यांमधील अंतर ही त्यांतील काही. तयार झालेली चाळीस चित्रे ऑर्थोडॉन्टिस्ट, सर्वसाधारण दंतवैद्य आणि सामान्य लोक अशा तीन गटांकडे पाठवून प्रत्येक हसू किती आकर्षक वाटते ते विचारण्यात आले.

मध्यरेषा म्हणजे वरच्या दोन मोठ्या पटाशीच्या दातांमधली रेषा. ती चेहऱ्याच्या मध्यापासून ४ मिलिमीटर सरकल्यावर ऑर्थोडॉन्टिस्टांनी त्या हसण्याला कमी गुण दिले. सर्वसाधारण दंतवैद्यांना आणि सामान्य लोकांना मात्र ४ मिलिमीटरचा फरकही जाणवला नाही. दातांच्या कडांची पातळी एका बाजूला कलली असेल, तर दोन्ही प्रकारच्या दंतवैद्यांना १ मिलिमीटरलाच ते खटकले आणि सामान्यांना ३ मिलिमीटरला. हसताना दिसणाऱ्या हिरडीबद्दल ऑर्थोडॉन्टिस्टांची मर्यादा २ मिलिमीटर, तर इतर दोन्ही गटांची ४ मिलिमीटर निघाली. दातांचा कल मात्र तिन्ही गटांना २ मिलिमीटरवर सारखाच कळला.

यातील मध्यरेषेचा निष्कर्ष मला सर्वांत अस्वस्थ करतो. उपचार जवळजवळ पूर्ण झालेला असतो, रुग्ण आरशात पाहून खूश असतो, आणि आम्ही मात्र उरलेल्या दीड मिलिमीटरसाठी रबर बदलत त्याला आणखी काही महिने फेऱ्या मारायला लावतो. मध्यरेषा जुळवण्याला चावण्याच्या दृष्टीने कधी कधी खरे कारण असते हे मला मान्य आहे. पण ते कारण नसेल, तेव्हा ते महिने आम्ही कोणासाठी खर्च करतो? दंतवैद्यांनी आणि रुग्णांनी, दोघांनीही लिहावे.

अर्धविराम

विषय अगदी वेळेवर आला. माझी तेरा वर्षांची मुलगी गेले वर्षभर तिच्या वरच्या सुळ्याबद्दल तक्रार करते आहे. तो इतर दातांच्या रांगेबाहेर, वर चढून आलेला आहे. आमच्या सासूबाईंच्या मते दातावर दात असणारी मुलगी भाग्याची असते आणि त्याला हातही लावू नये. आम्ही ठाण्यात दोन दंतवैद्यांना दाखवले. पहिल्यांनी सुळ्याबद्दल दोन वाक्ये बोलून उरलेला सगळा वेळ मध्यरेषा दोन मिलिमीटर डावीकडे असल्याचे समजावण्यात घालवला. दुसऱ्यांनी मध्यरेषेचा उल्लेखही केला नाही, पण हसताना हिरडी जास्त दिसते असे सांगितले.

यातील एकही गोष्ट आम्हा घरच्यांना कधी दिसली नव्हती. आता मात्र मुलगी दर सेल्फीत मध्यरेषा शोधते. माझा प्रश्न सरळ आहे: रुग्णाने न विचारलेला दोष त्याला दाखवून द्यावा की नाही?

गोदाकाठ

मी नाशिकमध्ये सर्वसाधारण दंतवैद्यकीय व्यवसाय करतो, त्यामुळे निशिगंध यांनी सांगितलेल्या मधल्या गटातला आहे. १९९९ च्या त्या एका अभ्यासावर फार भार टाकू नये असे मला वाटते.

बायर आणि लिंडॉअर यांनी १९९८ मध्ये याच प्रश्नावर केलेल्या कामात मध्यरेषेच्या विचलनाची सरासरी सहनमर्यादा सुमारे २.२ मिलिमीटर आली होती. १९९९ मध्येच जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांना असे आढळले की २ मिलिमीटरचे विचलन निम्म्याहून थोड्या अधिक सामान्य लोकांच्याही लक्षात येते, आणि ऑर्थोडॉन्टिस्टांच्या बाबतीत हे प्रमाण त्याहून बरेच जास्त असते. म्हणजे ‘लोकांना मध्यरेषा दिसतच नाही’ असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. काहींना ती दिसते आणि काहींना नाही, आणि आपल्या खुर्चीवर बसलेला रुग्ण यांपैकी कोणता आहे हे सरासरी सांगत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे रेषा सरकणे आणि रेषा तिरकी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थॉमस, हेज आणि झवाईदेह यांनी २००३ मध्ये मध्यरेषेचा तिरकेपणा तपासला, तेव्हा १० अंशांचा कल ६८ टक्के ऑर्थोडॉन्टिस्टांनी आणि ४१ टक्के सामान्य लोकांनी अस्वीकार्य ठरवला. चेहऱ्यावर नाकाचा दांडा, वरच्या ओठावरची खाच आणि हनुवटी यांच्या मिळून एका उभ्या दिशेची जाणीव डोळ्याला आपोआप असते. सरकलेली रेषा त्या दिशेला समांतरच राहते, म्हणून खपून जाते. तिरकी रेषा तिला छेदते. भिंतीवरची तसबीर दोन बोटे डावीकडे लावली तर पाहुण्यांना कळत नाही, पण तिरकी टांगली तर आल्याआल्या कळते, तसेच काहीसे.

अर्धविराम यांच्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. दोष सांगितलाच पाहिजे. रुग्णाला कळवून घेतलेल्या संमतीशिवाय उपचार करता येत नाही, आणि काय आहे हे लपवून ठेवले तर ती संमती पुरी होत नाही.

संख्याशास्त्री

मी दंतवैद्य नाही, आकडेवारीत काम करतो, म्हणून या अभ्यासांच्या पद्धतीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

‘४ मिलिमीटरपर्यंत लोकांना फरक जाणवला नाही’ या वाक्यात दोन वेगवेगळी विधाने मिसळली आहेत. फरक दिसलाच नाही हे एक विधान झाले. फरक दिसला, पण त्यामुळे हसू कमी आवडले असे वाटले नाही, हे दुसरे. प्रश्न आकर्षकतेचा विचारलेला असल्यामुळे उत्तरातून फक्त दुसऱ्याबद्दल बोलता येते. शिवाय मर्यादा म्हणून जो आकडा छापला जातो, तो म्हणजे दोष नसलेल्या चित्राच्या तुलनेत गुणांतला फरक सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय ठरलेला पहिला टप्पा असतो. टप्पे एकेक मिलिमीटरचे ठेवले असतील तर अडीच हे उत्तर येणे शक्यच नाही. परीक्षक कमी असतील तर मर्यादा वर सरकते, जास्त असतील तर खाली येते, आणि लोकांचे डोळे मात्र तेच राहतात.

हिरडीचा आकडाच पाहा. कोकिच आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पुढचा अभ्यास केला, या वेळी दोष एकाच बाजूला ठेवून आणि दोन्ही बाजूंना ठेवून तुलना केली. तेव्हा हिरडी आणि ओठ यांतील ३ मिलिमीटर अंतर ऑर्थोडॉन्टिस्ट आणि सामान्य लोक या दोघांनाही अनाकर्षक वाटले. आधीच्या अभ्यासात २ आणि ४ असे दूर असलेले दोन गट इथे ३ वर एकत्र आले. सात वर्षांत सामान्यांची नजर तीक्ष्ण झाली आणि तज्ज्ञांची बोथट झाली, असे कोणी म्हणणार नाही. चित्रे वेगळी होती, परीक्षक वेगळे होते, एवढेच.

आणखी एक उदाहरण. हसताना दाढांच्या बाहेर, गालाच्या आत जी काळी जागा दिसते तिच्यावर २००५ मध्ये अमेरिकेतील एकाच नियतकालिकात दोन अभ्यास आले. मूर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सामान्य लोकांनी ती जागा जितकी कमी तितके हसू चांगले असा कौल दिला. रोडेन-जॉन्सन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दंतवैद्यांनी दातांच्या रुंद कमानीला पसंती दिली, पण सामान्य लोकांना काहीच फरक वाटला नाही. जबडा रुंद करून घेण्याचा सल्ला केवळ हसू भरलेले दिसावे म्हणून कोणी देत असेल, तर यांपैकी कोणत्या अभ्यासाच्या आधारे, असे विचारायला हरकत नाही.

रेखांकन

वास्तुरचनेत आम्हाला १.६१८ हे सुवर्ण गुणोत्तर शिकवतात. समोरून पाहताना मोठा पटाशीचा दात, त्याच्या शेजारचा दात आणि सुळा यांच्या रुंदी त्याच प्रमाणात हव्यात असे एका दवाखान्याच्या भिंतीवरील तक्त्यात पाहिले होते. यात तथ्य किती?

निशिगंध

रेखांकन यांस: लेविन यांनी १९७८ मध्ये ती कल्पना दंतवैद्यकात लोकप्रिय केली. पुढे १९९३ मध्ये प्रेस्टन यांनी प्रत्यक्ष दातांच्या साच्यांवर मोजमाप केले, तेव्हा मोठा पटाशीचा दात आणि शेजारचा दात यांच्यात ते गुणोत्तर फक्त १७ टक्के ठिकाणी सापडले, आणि शेजारचा दात व सुळा यांच्यात एकाही ठिकाणी नाही. तक्ता भिंतीवर छान दिसतो.

संख्याशास्त्री यांनी मांडलेली मर्यादा मला मान्य आहे, पण तिच्यात एक भर घालतो. यांतील बहुतेक चित्रांत फक्त ओठ आणि दात असतात. डोळे, नाक, केस काहीच नाही. परीक्षकाला बघायला दुसरे काही उरतच नाही, त्यामुळे तो दातांतच दोष शोधतो. फ्लोरेस-मिर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सामान्य लोकांना तेच दात आधी फक्त तोंडाच्या चौकटीत आणि मग पूर्ण चेहऱ्यासह दाखवले, तेव्हा पूर्ण चेहरा समोर असताना दातांचा परिणाम कमी झाला. आम्ही तर याहूनही जवळून पाहतो. रुग्ण आडवा, दिवा तोंडात, ओठ ताणलेले आणि आमचे डोळे वीतभर अंतरावर. त्या स्थितीत त्याला त्याच्या आईनेही कधी पाहिलेले नसते.

कॅमेरावाला

मी पुण्यात व्यक्तिचित्रे काढतो आणि त्यांत लग्नासाठी स्थळांना पाठवायच्या फोटोंचे काम बरेच असते, म्हणून माझ्या बाजूने लिहितो.

आलेल्या माणसाला आपला फोटो आवडत नाही आणि सोबत आलेल्या बहिणीला तोच आवडतो, हे स्टुडिओत नेहमीचे आहे. माणूस स्वतःला आरशात पाहतो, म्हणजे डावे-उजवे उलटलेले. मिटा, डर्मर आणि नाइट यांनी १९७७ मध्ये हे तपासले होते: लोकांना स्वतःची आरशातली प्रतिमा अधिक पसंत पडली, तर त्यांच्या जवळच्यांना सरळ छायाचित्र. ज्याची मध्यरेषा डावीकडे आहे त्याला फोटोत ती अचानक उजवीकडे गेलेली दिसते आणि ‘माझे दात असे वाकडे आहेत?’ असा प्रश्न येतो. अर्धविराम यांच्या कन्येने सेल्फीत जे शोधले त्यात याचाही वाटा असू शकतो. काही फोन सेल्फी जतन करताना आरशासारखी ठेवतात, काही उलटवतात. शिवाय हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत चेहऱ्याचा मधला भाग प्रत्यक्षापेक्षा मोठा येतो, त्यामुळे पुढचे दातही मोठे भासतात.

दातांच्या पातळीच्या तिरकेपणाबद्दल मात्र तज्ज्ञांचे म्हणणे मला पटते. तो असलेली माणसे कॅमेऱ्यासमोर नकळत मान कलती करतात. मी मान सरळ करायला सांगतो आणि ती दोन सेकंदांत पुन्हा कलते. त्यांना कारण विचारले तर सांगता येत नाही.

मँचेस्टरकर

इंग्लंडमध्ये हा प्रश्न थेट पैशाशी जोडलेला आहे, म्हणून लिहितो. अठरा वर्षांखालील मुलांना सरकारी आरोग्यसेवेतून तारा मोफत मिळतात, पण सर्वांना नाही. त्यासाठी ब्रूक आणि शॉ यांनी १९८९ मध्ये मांडलेली गरजेची श्रेणी वापरतात. तिचा एक भाग दातांच्या आरोग्याचा असतो, १ ते ५ अशा पाच पायऱ्यांचा. ४ आणि ५ ला उपचार मिळतो, १ आणि २ ला मिळत नाही. अडचण ३ ची. तिथे दुसरा भाग कामाला येतो: दहा छायाचित्रांची एक पट्टी, सर्वांत आकर्षक दातांपासून सर्वांत अनाकर्षक दातांपर्यंत. मुलाचे दात सहाव्या किंवा त्यापुढच्या छायाचित्राच्या बरोबरीचे ठरले तर उपचार मंजूर, पाचव्याच्या बरोबरीचे ठरले तर नामंजूर.

ती दहा छायाचित्रे निवडली कशी, तर बारा वर्षांच्या एक हजार मुलांच्या दातांच्या छायाचित्रांना दंतवैद्यकाबाहेरच्या सहा परीक्षकांनी गुण दिले आणि त्या गुणांच्या समान अंतरांवरची छायाचित्रे उचलली. म्हणजे मुळात सामान्यांची नजर घेतली आणि मग ती प्रशिक्षित ऑर्थोडॉन्टिस्टच्या हाती मोजपट्टी म्हणून दिली. माझ्या मुलाचे दात ३ मध्ये आले आणि पट्टीवर चौथ्या छायाचित्राजवळ, त्यामुळे आम्हाला नकार मिळाला. मुलगा म्हणाला की त्या पट्टीत एकही माणूस हसत नाही. ते खरे आहे. सगळी छायाचित्रे ओठ बाजूला ताणून, दात मिटवून घेतलेली आहेत.

निशिगंध

मुलाचे निरीक्षण नेमके आहे. याच धर्तीचे आणखी एक मोजमाप अमेरिकेतील आयोवात १९८६ मध्ये तयार झाले. त्यात दातांच्या २०० छायाचित्रांवर सामान्य लोकांचे मत घेऊन, दातांतील फट, गर्दी, पुढे येणे अशा दहा मोजमापांना किती वजन द्यायचे ते ठरवले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ च्या मुखआरोग्य सर्वेक्षणाच्या मार्गदर्शिकेत ते घेतले, आणि आपल्याकडील शाळांमधल्या पाहण्यांतही ते वापरले जाते. त्यामुळे चंदगडच्या शाळेतील मुलाच्या दातांना उपचाराची गरज किती, हे काही अंशी अमेरिकेतील लोकांच्या आवडीवर ठरते. यावर दंतवैद्यक महाविद्यालयांत अधिक बोलले जावे असे मला वाटते.

जुनी वही

माझे वय ७१. तरुणांच्याच दातांची चर्चा चालली आहे, म्हणून लिहिते. माझ्या आजीच्या पिढीतील कितीतरी सुवासिनी दातवण लावून दात काळे करीत, आणि काळेभोर, चकचकीत दात हे सौभाग्याचे व देखणेपणाचे लक्षण मानले जाई. त्यांच्यासमोर आजचे पांढरेशुभ्र दात ठेवले असते तर त्यांनी काय गुण दिले असते?

गेल्या वर्षी मी कवळी करून घेतली. डॉक्टरीणबाई मला किंचित पिवळसर छटा, एका दाताला थोडा कल आणि कडा जराशा झिजलेल्या अशी कवळी सुचवत होत्या. मी सांगितले, एवढे पैसे खर्चून पिवळे दात कशाला? मला पांढरे आणि सरळ द्या. शेवटी मधली छटा ठरली. घरच्यांच्या मते ती अजूनही जास्तच पांढरी आहे, पण माझी काही तक्रार नाही.

गोदाकाठ

जुनी वही यांच्या प्रतिसादामुळे चर्चेची दुसरी बाजू समोर आली. आतापर्यंत दंतवैद्य काटेकोर आणि लोक उदार असे चित्र होते. रंगाच्या बाबतीत माझ्या दवाखान्यात ते नेमके उलटे असते. छटा निवडण्याच्या पट्टीवर मी शेजारच्या दातांशी जुळणारी छटा दाखवतो आणि रुग्णाचे बोट सर्वांत पांढऱ्या छटेवर जाते. १९५० च्या दशकात फ्रश आणि फिशर या दोघा अमेरिकी दंतवैद्यांनी कवळीचे दात माणसाचे वय, लिंग आणि स्वभाव पाहून लावावेत, त्यांत मुद्दाम थोडी अनियमितता ठेवावी असा आग्रह धरला होता. तेव्हापासून आम्ही तेच शिकतो आणि रुग्ण तेच नाकारतात.

वयाचा परिणाम मोजलेलाही आहे. विग आणि ब्रुंडो यांनी १९७८ मध्ये ओठ सैल असताना वरचे पटाशीचे दात किती दिसतात ते पाहिले. तिशीच्या आतील लोकांत सरासरी सुमारे ३.४ मिलिमीटर दात दिसत होते, चाळिशीत सुमारे १, आणि साठीनंतर जवळजवळ शून्य. वरचा ओठ वयाबरोबर खाली येतो. म्हणून विशीत ३ मिलिमीटर हिरडी दिसते म्हणून शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की काळ तेच काम हळूहळू, फुकट करणार आहे.

लोकांची पांढऱ्याची ओढ आली कुठून, हाही प्रश्न आहे. १९३० च्या दशकात चार्ल्स पिंकस हे दंतवैद्य हॉलिवूडच्या नटनट्यांच्या दातांवर चित्रीकरणापुरते पातळ आवरण चिकटवून देत. पुढे ते तंत्र कायमस्वरूपी व्हिनियरपर्यंत गेले. ज्याला आपण ‘लोकांची नजर’ म्हणतो, ती आमच्याच व्यवसायातील लोकांनी घडवलेल्या दातांकडे पाहत वाढली आहे. फरक इतकाच की पिंकस यांचे आवरण संध्याकाळी काढता येत होते. आजच्या व्हिनियरसाठी बहुतेक वेळा दाताचा बाहेरचा थर घासावा लागतो आणि तो परत येत नाही.

वऱ्हाडी

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या भागात भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक लिटरला १ मिलिग्रॅम, आणि दुसरे पाणी उपलब्ध नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेते. आमच्या लहानपणी बोअरवेलचे पाणी कोणी तपासतच नसे. दात हिरडीच्या आत तयार होत असताना ते पाणी पोटात गेले की पुढच्या दातांवर पांढरे चट्टे आणि नंतर तपकिरी डाग कायमचे राहतात. दात घासून ते जात नाहीत.

गावात सगळ्यांचेच दात तसे, त्यामुळे कोणी कोणाला काही म्हणत नसे. शिक्षणासाठी पुण्याला आलो तेव्हा वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात ‘तंबाखू खातोस का’ असे विचारले गेले. मी तोंडावर हात ठेवून हसू लागलो ते तिथपासून. या धाग्यात ‘सामान्य लोक’ हा एकच गट मानून आकडे दिले जात आहेत. माझ्या गावातील सामान्य लोक आणि त्या वसतिगृहातील सामान्य लोक यांनी माझ्या हसण्याला सारखे गुण दिले नसते.

निशिगंध

वऱ्हाडी यांच्या आक्षेपाला माझ्याकडे खोडून काढणारे उत्तर नाही, कारण तो बरोबर आहे. पुढच्या दोन दातांमधली फटच घ्या. २००६ च्या त्या अभ्यासात लहानशी फट तिन्हींपैकी कोणत्याच गटाला अनाकर्षक वाटली नाही. नायजेरियात ती सौंदर्याची खूण मानली जाते. आपल्याकडेही दातांत फट असलेला माणूस नशीबवान, असे म्हणणारे आहेत. आणि तरीही ती बंद करून द्या म्हणणारे माझ्याकडे येतच असतात. जो येतो त्याला नायजेरियाचा दाखला देऊन परत पाठवता येत नाही, आणि जो येत नाही त्याला शोधून काढून ती दाखवायचीही गरज नाही.

डागांबद्दल व्यवहाराचे सांगतो. पाण्यामुळे आलेले सौम्य डाग वरचा अगदी पातळ थर घासून आणि ब्लीचिंग करून बरेच फिके होतात. खोल तपकिरी डागांना दाताच्या रंगाच्या काँपोझिटचा थर द्यावा लागतो. व्हिनियर हा शेवटचा पर्याय समजावा. सुरुवात थेट व्हिनियरपासून करणाऱ्याला आधीचे दोन मार्ग का नकोत ते विचारा.

अर्धविराम

चर्चा वाचून बरेच उलगडले, पण माझ्या मूळ प्रश्नावर गोदाकाठ आणि निशिगंध यांचे एकमत दिसत नाही. एक म्हणतात दोष सांगितलाच पाहिजे, दुसरे म्हणतात शोधून दाखवण्याची गरज नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही तिसऱ्या डॉक्टरांकडे जाणार आहोत. तिथे काय विचारू?

गोदाकाठ

आमच्यात मतभेद आहे आणि तो राहू द्या. जो दोष पुढे दातांना किंवा हिरड्यांना त्रास देणार आहे, तो न सांगणे ही चूक ठरेल, यावर बहुधा दोघेही सहमत असू. निव्वळ दिसण्याचा दोषही मी सांगतो, पण रुग्णाचे स्वतःचे म्हणणे ऐकून कागदावर उतरवून घेतल्यानंतर, आणि ‘हा मला दिसतो, इतरांना दिसेलच असे नाही’ हे शब्द जोडून.

निशिगंध

या क्रमाला माझी हरकत नाही. माझा आक्षेप क्रम उलटा होण्याला होता. अर्धविराम यांनी असे करावे: डॉक्टरांनी तोंडात पाहण्याआधी मुलीलाच बोलू द्यावे, आणि तिला काय खटकते ते तिच्या शब्दांत लिहून घ्यायला सांगावे. सुळा बाहेर असेल तर तिथे जागेची कमतरता आहे का, आणि जागा करण्यासाठी उपदाढ (सुळा आणि दाढ यांच्यामधला दात) काढावी लागणार का, हा खरा मोठा निर्णय आहे. दोन मिलिमीटर मध्यरेषेपेक्षा कितीतरी मोठा. मध्यरेषेबद्दल एवढेच विचारा की ती सरकलेली आहे की तिरकी, आणि ती तशीच ठेवली तर मागचे दात एकमेकांवर नीट बसतील का. बसत असतील तर तिच्यासाठी वाढणारे महिने किती, हे स्वतंत्र सांगायला लावा.

हिरडीचे मोजमाप खुर्चीवर आडवे असताना नव्हे, तर उभे राहून, बोलताना आणि मनापासून हसताना घेतलेल्या व्हिडिओवरून करायला सांगा. तेराव्या वर्षी चेहऱ्याची वाढ पूर्ण झालेली नसते, तेव्हा हिरडीसाठी आत्ताच कोणतीही शस्त्रक्रिया सुचवली गेली तर थांबा. आणि सासूबाईंना सोबत नेणार असाल, तर त्यांचेही मत ऐकून घ्यायला सांगा. कोकिच यांच्या तिसऱ्या गटात त्याच बसतात.